सूर्यचुलीचे चार डबे

१

शनिवारी सकाळी लासूर स्टेशनहून तीन दिवसांनी परतले, ऑफिसच्या पायऱ्या चढले आणि नेहमीप्रमाणे ओरडले, "मल्हारराव, पाणी आणा!"

कोणी आलं नाही. फाटकाशी मल्हाररावांचं स्टूल रिकामं होतं.

वायरमन कडुबा खांद्यावर शिडी घेऊन बाहेर पडत होता. तो म्हणाला, "बाई, मल्हारराव चौकीत हायेत. कालपासनं."

"चौकीत? कशाला?"

"तुमची सूर्यचूल चोरली म्हणून. त्यांच्याच घरात घावली."

मी हातातली पिशवी तिथंच पायरीवर ठेवली आणि शेजारी बसले. मला बसायला सहसा वेळ नसतो, त्यामुळे कडुबाही घाबरला.

माझं नाव केसरबाई. वय पन्नास, नवरा नाही, जिभेला हाड नाही. पंचवीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवलं. मग आमच्या शहर वीज सहकारी संस्थेनं मला प्रात्यक्षिकं दाखवायला नेमलं. ही गोष्ट शहाऐंशी सालच्या मार्चमधली. वाळूजला रोज एक नवीन कारखाना उभा राहत होता, नवीन वसाहतींत घरं वाढत होती, आणि वीज काही सगळ्यांना पुरत नव्हती. त्यातून बायका स्वयंपाक करायच्या कॉइलच्या शेगडीवर. ती पेटली की अख्ख्या गल्लीतले दिवे मंद व्हायचे. म्हणून संस्थेनं योजना काढली: जुनी शेगडी जमा करा, निम्म्या किमतीत सूर्यचूल घेऊन जा, आणि वर्षभर वीजबिलात सूट मिळवा.

सूर्यचूल म्हणजे एक पेटी. वर दुहेरी काच, झाकणाला आरसा, आत काळ्या रंगाचे चार डबे. सकाळी डाळ-तांदूळ लावून उन्हात ठेवा, दुपारी जेवा. जाळ नाही, धूर नाही, वीज नाही. चोवीस पेट्या ठेकेदाराकडून येऊन गोदामात पडल्या होत्या. ज्या नमुन्यावरून त्या बनवल्या, तो नमुना माझ्याकडे, ऑफिसच्या गच्चीवर. सोमवारी मुंबईहून अधिकारी येणार होते. नमुना आणि गोदामातली एक पेटी शेजारी शेजारी ठेवून भात शिजवायचा, दोन्ही सारखे शिजले तर योजनेला मंजुरी.

तो नमुना गुरुवारी गच्चीवरून गेला आणि शुक्रवारी पुंडलिकनगरात मल्हाररावांच्या पत्र्याच्या खोलीमागे सरपणाखाली सापडला.

"मल्हाररावांची कायम व्हायची ऑर्डर एक तारखेला निघायची होती," कडुबा म्हणाला. "अकरा वर्सं वाट बघितली त्या मानसानं."

मी उठले. मल्हाररावांनी अकरा वर्षांत ऑफिसातली टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. "त्यांनी चोरलेली नाही," मी म्हटलं.

"मलाबी ठाऊक हाय, बाई. पर दाखवणार कसं?"

२

संस्थेचे सचिव काकासाहेब मोठ्या शेतकरी घरातले. धोतर सोडून पँट घातली, पण टेबलाशी बसायची पद्धत अजून ओट्यावरचीच. एक पाय वर घेऊन ते खिन्न बसले होते. कोपऱ्यात पोत्यात गुंडाळलेली पेटी, सुतळीच्या गाठीवर पोलिसांची लाखेची मोहोर.

"उघडून बघू?" मी विचारलं.

"हात लावू नका, बाई. मोहोर सोमवारी सायबांसमोर फुटंल. तवर ती चोरीचा माल हाय."

"माझ्या पेटीला मी हात लावायचा नाही?"

"तुमचीच हाय. नमुन्याची पितळी पट्टी बघितली मी. पर पार खरवडून, आदळून ठिवली वो. सोमवारी भात शिजतो का नाय, देव जाणे."

"मल्हाररावांवर तुमचा विश्वास आहे?"

काकासाहेबांनी खाली बघितलं. "माझ्या इस्वासाला कोन विचारतंय? निनावी चिठ्ठी आली, पोलीस गेले, माल सापडला. बाहेर काय दिवस हायेत ते तुम्हाला ठाऊक हाय. विद्यापीठाच्या नामांतरावरनं अर्धं गाव अर्ध्या गावाशी बोलंना. आज मी शिपायाची बाजू घेतली तर उद्या कोन कुटली जात काढंल, सांगता येत नाय."

भला माणूस होता, पण भल्या माणसांचा हाच रोग. त्यांना सगळं कळतं आणि ते खाली बघतात.

"गोदामाच्या किल्ल्या कोणाकडे असतात?"

"दोनच. एक माझ्याकडं, एक त्रिंबकरावाकडं. का वो? गोदामातलं काय गेलं नाय. त्रिंबकरावानं काल माझ्यासमोर मोजलं. चोवीसच्या चोवीस पेट्या हायेत."

गोदामपाल त्रिंबकराव शेजारच्याच खोलीत होते. समोर वर्तमानपत्राच्या कागदावर गरम कांदाभजी. मला बघून त्यांनी पुडा पुढं सरकवला.

"घ्या, बाई. दुःखात भूक लागते माणसाला."

"तुमच्या दुःखाला चव चांगली आहे," मी म्हटलं आणि एक भजं उचललं. "गुरुवारी पेटी गेली तेव्हा कुठे होता तुम्ही?"

"गोदामात. माल लावत होतो. मल्हारराव तर त्या दिवशी कामावरच नव्हता, रजा टाकून गेलता करमाडला. आता बोला! रजेच्या दिवशीच चोरी होते. धनगराचं डोकं हाय, बाई, साधं दिसतं."

भजं तोंडात असताना मी सहसा बोलत नाही. त्या वेळी मात्र तसंच गिळून म्हटलं, "डोकं सगळ्यांनाच असतं, त्रिंबकराव."

दारात ठेकेदार साहेबराव उभे. पांढरे बूट, बोटांत तीन अंगठ्या. चोवीस पेट्या त्यांनीच पुरवलेल्या. ते हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मी तर म्हणतो, शिपायाला एकट्याला हे जमणार नाही. त्या वायरमनलाही विचारा. मोर्चात पुढं असतो तो."

"मोर्चात पुढं असणारा माणूस लपून चोरी करत नाही," मी म्हटलं. "लपायचं असतं तर तो मोर्चात मागं राहिला असता."

साहेबरावांचं हसू मावळलं. मला दोघांचाही राग आला होता. पण राग आला म्हणून चोर सापडत नाही.

३

पुंडलिकनगर तेव्हा निम्मं प्लॉट आणि निम्मी बाभळ. मल्हाररावांची खोली शेवटच्या टोकाला. म्हाळसाबाई उंबऱ्यात बसली होती. मला बघून ती उठली नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती.

चौदा दिवसांपूर्वी मी तिला चारचौघांत बोलले होते. झालं असं, की त्या शनिवारी ऑफिसातल्या सगळ्यांना सूर्यचुलीचा भात खाऊ घालायचा बेत होता. तांदूळ कडुबानं घरून आणले, त्यानंच निवडले, धुतले आणि डब्यांत भरले. डबे आदल्या दिवशी म्हाळसाबाईकडे घासायला दिले होते. तिनं ते काळे डबे बघितले आणि तिला वाटलं, काजळी. राख आणि काथ्या घेऊन दोन तास घासले. शनिवारी बघते तर चारही डबे आरशासारखे पांढरे! सूर्यचुलीचा जीव त्या काळ्या रंगात. काळं ऊन पितं, पांढरं ऊन परत पाठवतं. दुपारी दोन वाजता तांदूळ दाताखाली कचकचत होते. काकासाहेबांनी, साहेबरावांनी, सगळ्यांनी ते हसत हसत खाल्ले. फक्त त्रिंबकराव आले नाहीत, "माझा शनिवार हाय" म्हणून लवकर घरी गेले. आणि मी म्हाळसाबाईला म्हटलं होतं, "अहो, डोळे आहेत की खाचा?"

मल्हाररावांचा चेहरा पडला. तेव्हा काकासाहेब म्हणाले होते, "केसरबाई, डबे तुमच्या घरी न्या, रंगवून आणा. आन ह्यो इषय पुन्हा कुनी काढायचा नाय." आणि खरंच, पुन्हा कोणी काढला नाही.

मी म्हाळसाबाईच्या शेजारी बसले. "गुरुवारी काय झालं, सांगा."

"दिराच्या वाड्यावर गेलतो करमाडला. मेंढरांची कातरणी व्हती. सूर्यभान भावजी एकलेच. आमी दोघं सांजच्याला आलो, निजलो. सकाळी पोलीस."

"सरपणाकडे बघितलं नाहीत?"

"अंधारात कशाला बघू? सकाळी जमादारानं काटक्या उपसल्या, आन ती पेटी." तिनं तोंडाला पदर लावला. "लई गर्दी जमली, बाई. ज्या बायकांसंगट मी नळावर पाणी भरती, त्याच म्हनत्यात, आत झाकून काय काय ठिवलंय बघा. चोर म्हनून आमचं नाव कधी निघालं न्हवतं. शंभर मेंढरांत दुसऱ्याचं एक मिसळलं तरी धनी रातीत जाऊन परत देऊन येतेत."

तिचा हात मी हातात घेतला. राखेनं खरखरीत झालेला हात. मला चौदा दिवसांपूर्वीचं माझंच बोलणं आठवलं आणि लाज वाटली.

"मल्हारराव घरी येतील," मी म्हटलं.

"कधी?"

खरं उत्तर मला ठाऊक नव्हतं. पण मास्तरीणबाईनं "बघू" म्हटलं की मुलींचा धीर सुटतो. म्हणून म्हटलं, "सोमवारी. भात शिजला की."

४

चौकीत रामकिसन जमादार चहा पीत होते. कोपऱ्यात जमिनीवर मल्हारराव. दाढी वाढलेली, फेटा मांडीवर. मला बघून ते उठायला लागले.

"बसा हो," मी म्हटलं. "जमादारसाहेब, पंचनामा बघू द्या."

"बाई, केस एकदम साफ है. माल मिला, घर मिला, आदमी मिला. और क्या होना?"

"वाचायला काय जातं? शाळेत वह्या तपासायची सवय आहे. चुका सापडल्या तर लाल शाई तुमची."

ते हसले आणि त्यांनी स्वतःच वाचून दाखवलं. "एक लाकडी पेटी, पत्र्याने मढवलेली. झाकणास आरसा. पितळी पट्टी, नमुना क्रमांक एक. पेटीचे आत काळे डबे, नग चार."

"काय म्हणालात?"

"पितळी पट्टी, नमुना..."

"नंतरचं."

"काळे डबे, नग चार. मैंने खुद गिने. नवे कोरे होते."

मी मल्हाररावांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं फाटक सांभाळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला.

"बाई," ते म्हणाले, "डबे तर..."

"गप्प बसा," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत एक शब्द नाही. जमादारसाहेब, तुम्हीही सोमवारी अकराला गच्चीवर या. मोहोर तुमच्याच हातानं फोडायची आहे. आणि यांना बरोबर आणा."

"ते का?"

"जेवायला. भात आहे."

घरी आले, कपाट उघडलं. खालच्या फळीवर, जुन्या साडीत गुंडाळलेले, चारही डबे होते. पांढरे, चकचकीत. बिनचकाकीचा काळा रंग गुलमंडीतल्या एकाही दुकानात मिळाला नव्हता, म्हणून ते रंगवायचे राहून गेले होते. माझ्या आळसाचं एवढं भलं कधी झालं नव्हतं.

५

सोमवारी अकरा वाजता गच्चीवर ऊन मी म्हणत होतं. मुंबईचे अधिकारी रुमालानं मान पुसत उभे. काकासाहेब, साहेबराव, त्रिंबकराव, कडुबा, जमादार, मल्हारराव. म्हाळसाबाईला मीच आणलं होतं. ती जिन्याच्या कठड्याशी उभी होती. सूट मिळणाऱ्या यादीतली तीसेक माणसं, बहुतेक बायका, पाण्याच्या टाकीच्या सावलीत दाटीनं बसली होती.

जमादारांनी मोहोर फोडली. पोतं निघालं. खरवडलेली पेटी, पितळी पट्टी. आत चार काळे डबे.

"हाच आपला नमुना ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"होय साहेब," त्रिंबकराव पुढं झाले. "चोरानं आदळआपट केलीय, त्यामुळं नीट तापेल का नाही, सांगता येत नाही."

"नाही साहेब," मी म्हटलं. "हा आपला नमुना नाही."

सगळे माझ्याकडे वळले. मी पिशवीतून चार पांढरे डबे काढून कठड्यावर मांडले. उन्हात डोळे दिपले.

"नमुन्याचे डबे हे. सोळा दिवस माझ्या कपाटात आहेत. म्हणजे चोरानं गच्चीवरून नेली ती पेटी रिकामी होती. मग सरपणाखाली तिच्यात चार कोरे काळे डबे कुठून आले?"

"मल्हाररावानंच आणले असतील," साहेबराव म्हणाले.

"कुठून? बाजारात हे डबे मिळत नाहीत. शहरात असे डबे फक्त आपल्या गोदामात आहेत, आणि मल्हाररावांकडे किल्ली नाही. तेव्हा सापडलेली ही पेटी गोदामातली. पट्टी तेवढी नमुन्याची काढून हिला ठोकली."

"पण गोदामात चोवीस पुऱ्या हायेत," काकासाहेब पुटपुटले. "मी बघितल्या."

"असणारच. एक बाहेर काढली आणि तिच्या जागी खरा नमुना, झाकणही न उघडता, ठेवला. संख्या बरोबर. काकासाहेब, तुमच्या किल्लीनं गोदाम उघडा. कडुबा, एकेक पेटी उघडून बघ. एकीत डबे नसतील."

काकासाहेब आणि कडुबा खाली गेले. खालून झाकणांचे आवाज येत राहिले. मग कडुबाची हाक आली, "बाई! सतरावी! आत काय बी नाय!"

ती वर आणली. काचेच्या कोपऱ्यात माझ्या प्रात्यक्षिकातल्या हळदीचा डाग होता, पट्टीच्या जागी खिळ्यांची दोन रिकामी भोकं. अधिकाऱ्यांनी स्वतः दोन्ही पेट्यांत काळे डबे ठेवले, सारखे तांदूळ, सारखं पाणी. झाकणं उघडली, आरसे सूर्याकडे केले.

"तोवर सांगते," मी म्हटलं. शिकवायची संधी मी सोडत नाही. "नुसती अदलाबदल केली असती तर परत आल्या दिवशीच भात लावून मी ती पकडली असती. म्हणून चोरी दाखवली. चोरीचा माल म्हटला की मोहोर लागते, सोमवारपर्यंत कोणी हात लावत नाही. आणि भात कच्चा राहिला तर दोष चोराचा. दोन्ही पेट्या सारख्याच कच्च्या म्हटल्यावर ठेकेदाराचा माल नमुन्याबरहुकूम ठरतो. त्यासाठी एक गरीब माणूस चोर ठरला तरी चालेल. गुरुवारी तो रजेवर होता, घर रिकामं होतं, एवढं पुरलं."

"पर कोन?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "किल्ल्या दोनच. एक माझी."

"तुम्ही नाही. तुम्हीच मला डबे घरी न्यायला सांगितले होते. नमुना रिकामा आहे हे ठाऊक असणारा माणूस त्याच्या जागी चार डब्यांची पेटी ठेवणार नाही. त्या दिवशी जेवायला बसलेल्या प्रत्येकानं पांढरे डबे बघितले होते. पुढं तो विषय कोणी काढला नाही. म्हणजे हे ज्याला ठाऊक नव्हतं, असा ऑफिसात एकच माणूस. त्या दिवशी जेवायला न आलेला."

त्रिंबकराव म्हणाले, "माझा उपास होता. शनिवार होता माझा."

"परवाही शनिवारच होता, त्रिंबकराव. तुमच्या कांदाभज्यांतलं एक मी खाल्लं."

टाकीच्या सावलीत बायकांत कुजबूज सुरू झाली.

"उपास नव्हता," मी म्हटलं. "मग जेवायला का आला नाहीत, ते मला शनिवारी रात्रीपर्यंत कळलं नाही."

"मला तवाच कळलं व्हतं, बाई," कडुबा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तांदूळ माझ्या घरचे व्हते. हात माझा लागला व्हता. आमाला ते लगीच कळतं. बोलत नाय, एवढंच."

त्रिंबकरावांनी कडुबाकडे बघितलं नाही. त्यांनी गेली आठ वर्षं त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्या दिवशी नुसतं येऊन पंगतीत बसले असते, तर पांढरे डबे दिसले असते आणि चोरी बिनबोभाट पचली असती.

दीड वाजता अधिकाऱ्यांनी काचा उचलून डबे उघडले. सतराव्या पेटीतल्या भातातून वाफ निघाली, शितं मोकळी, फुललेली. सरपणातून निघालेल्या पेटीतलं पाणी नुसतं कोमट होतं. कडुबानं पेचकस घेऊन तिची मागची फळी काढली. आत उष्णता धरून ठेवणारी काचेची लोकर हवी होती. भसाभसा लाकडाचा भुसा खाली पडला.

साहेबराव जिन्याकडे सरकले. तिथं जमादार उभे होते. "बैठो सेठ, बैठो. भात खाके जाना."

त्रिंबकराव कठड्याला टेकून खाली बसले. "माल तपासून घेतला म्हणून माझी सही होती," ते म्हणाले. "मी उघडून बघितलंच नव्हतं. सोमवारी उघडं पडलं असतं तर माझी वीस वर्षांची नोकरी गेली असती."

"आन माझी अकरा?" मल्हारराव म्हणाले.

दोन दिवसांत ते पहिल्यांदाच बोलले होते. काकासाहेब मात्र या वेळी खाली बघत उभे राहिले नाहीत. खाली गेले, ऑर्डर घेऊन आले आणि सगळ्यांसमोर सही केली. एक तारखेची वाट बघितली नाही.

मग मला माझं काम करायचं होतं. मी म्हाळसाबाईकडे गेले आणि तीस माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "म्हाळसाबाई, त्या दिवशी मी तुम्हाला चारचौघांत बोलले. चूक माझी होती. काळा रंग कशाला असतो, ते शिकवायचं काम माझं, आणि मी ते केलं नव्हतं. तुम्ही डबे घासले नसते तर आज तुमचा माणूस तुरुंगात असता. मला माफ करा."

ती लाजून गोरीमोरी झाली. "असं नगा म्हनू, बाई. आमच्यात काळं भांडं कुनाला दावत नाय, म्हनून घासलं."

कडुबानं भात वाढला. एवढ्याशा भातात प्रत्येकाला दोन-दोन घासच आले, पण जमादारांनी खाल्ला, अधिकाऱ्यांनी खाल्ला, मल्हाररावांनी फेटा बांधून मग खाल्ला. एक ताटली कडुबानं त्रिंबकरावांसमोर नेऊन ठेवली आणि काही न बोलता परत आला. ती तशीच राहिली.

जेवणं झाल्यावर म्हाळसाबाई टाकीच्या नळाशी भांडी घेऊन बसली. सवयीनं राखेची मूठ भरली, काळ्या डब्यावर नेली आणि एकदम थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, घासू का नगं?"

"ते नुसते विसळा," मी म्हटलं, आणि माझे चार पांढरे डबे तिच्यापुढं ठेवले. "हे घासा. कोर्टात दाखवायचे आहेत. चकचकीत हवेत."

मल्हारराव हसले. मग ती हसली, आणि राखेची मूठ डब्यावर जोरात फिरू लागली.